ठिपक्यांचा हिशेब : धानाच्या बांधीतील रेणूंची मांडणी व तपासणी

पूर्व विदर्भातील गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा होय. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या आठही तालुक्यांत पावसाळा सुरू झाला की बांध्या पाण्याने भरतात, चिखलणी होते आणि रोवणीची लगबग सुरू होते. रोवणी झाल्यानंतर काही आठवड्यांनी निंदणासाठी बांधीत उतरणाऱ्याचा पाय चिखलात रुतला की त्याच्याभोवती बुडबुडे येतात. ते कशाचे, हे सहसा कोणी विचारीत नाही. त्या बुडबुड्यांत मिथेन असतो, नायट्रोजन असतो, थोडा कर्बवायूही असतो. बांधीच्या पाण्यात टाकलेल्या युरियापासून अमोनिया तयार होत असतो. इयत्ता दहावी व अकरावीच्या रसायनशास्त्रात ज्या साध्या रेणूंच्या इलेक्ट्रॉन-ठिपका संरचना काढावयास सांगितल्या जातात, ते बहुतेक सर्व रेणू अशा रीतीने एका बांधीत एकत्र नांदत असतात.

या संरचना काढणे अवघड नाही. अवघड वाटते ते आपण काढलेली आकृती बरोबर आहे की चूक, हे ठरविणे. शहरातील विद्यार्थी शिकवणीच्या शिक्षकास विचारतो. सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील आडगावच्या विद्यार्थ्यास सायंकाळी शाळा सुटल्यावर विचारावयास कोणी नसते. शिवाय त्याच्यापुढे आणखी एक अडचण असते. घरी गोंडी, पोवारी किंवा छत्तीसगढी बोलणारा हा विद्यार्थी दहावीपर्यंत मराठीतून शिकतो आणि विज्ञान शाखेत प्रवेश घेताच अकरावीला त्याच्या हाती इंग्रजी पुस्तक पडते. शब्द परके होतात. ठिपके मात्र तेच राहतात. म्हणूनच ठिपक्यांची ही रीत, विशेषतः तिची तपासणी, मराठीत एकदा नीट समजून घेणे त्याच्या हिताचे आहे. वर्गात पुष्कळदा संरचना फळ्यावर काढून दाखविली जाते व तपासणी घाईने उरकली जाते. हा क्रम उलटा झाला तर बरे.

या रीतीचे जनक गिल्बर्ट न्यूटन लुईस हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ होत. १९०२ मध्ये अध्यापन करीत असताना त्यांनी अणूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन घनाच्या आठ कोपऱ्यांवर बसविलेले आहेत अशी आकृती कागदावर काढून पाहिली होती. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना, १९१६ मध्ये, त्यांनी आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. दोन अणूंमधील बंध म्हणजे त्या दोघांनी मिळून वापरलेली इलेक्ट्रॉनांची एक जोडी, हा त्यातील मुख्य विचार होता. ही जोडी दाखविण्यासाठी त्यांनी दोन ठिपके एकाखाली एक मांडले. मराठी वाचकास ते विसर्गासारखे वाटावेत! अशा बंधास आज आपण सहसंयुज बंध म्हणतो. हे नाव १९१९ मध्ये अर्व्हिंग लँगम्यूर यांनी रूढ केले. लुईस यांची नोबेल पारितोषिकासाठी अनेकदा शिफारस झाली, परंतु ते त्यांना कधीच मिळाले नाही. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले.

संरचना काढण्यापूर्वी प्रत्येक अणूजवळ बाहेरच्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत हे ठाऊक असावे लागते. त्यांना संयुजा इलेक्ट्रॉन म्हणतात. हायड्रोजनजवळ १, कार्बनजवळ ४, नायट्रोजनजवळ ५, ऑक्सिजन व गंधक यांच्याजवळ प्रत्येकी ६. एवढे पाच आकडे पाठ असले की बांधीतील सर्व रेणूंचे काम भागते. हायड्रोजनला आपल्याभोवती दोन इलेक्ट्रॉन हवे असतात, इतरांना आठ. पहिल्यास द्विक व दुसऱ्यास अष्टक म्हणतात.

प्रथम रेणूतील सर्व अणूंच्या संयुजा इलेक्ट्रॉनांची बेरीज करावी. ही बेरीज म्हणजे आपल्याजवळचे भांडवल होय. त्याहून एक ठिपका अधिक खर्च करता येत नाही आणि एकही शिल्लक ठेवता येत नाही. रेणूऐवजी आयन असेल तर जितका ऋण प्रभार तितके इलेक्ट्रॉन मिळवावेत, जितका धन प्रभार तितके वजा करावेत. नंतर सांगाडा मांडावा. हायड्रोजन एकच बंध करीत असल्यामुळे तो नेहमी कडेला राहतो. उरलेल्यांपैकी इलेक्ट्रॉनांची ओढ ज्यास कमी, तो अणू सामान्यतः मध्यभागी येतो. सांगाड्यातील प्रत्येक बंधासाठी एक जोडी खर्च करावी. शिल्लक जोड्या आधी कडेच्या अणूंना द्याव्यात व त्यांची अष्टके पूर्ण झाल्यावर काही उरले तर ते मधल्या अणूवर ठेवावे. बंधात न गुंतलेल्या या जोड्यांना एकाकी जोड्या म्हणतात. एवढे करूनही मधल्या अणूचे अष्टक अपुरे राहिले तर कडेच्या अणूची एकाकी जोडी उचलून ती बंधात घालावी. मग एकेरी बंधाचा दुहेरी होतो, दुहेरीचा तिहेरी.

पाण्यापासून आरंभ करू. दोन हायड्रोजनांचे २ व ऑक्सिजनचे ६, एकूण ८. दोन बंधांत ४ खर्च झाले, उरलेले ४ ऑक्सिजनवर दोन एकाकी जोड्यांच्या रूपाने बसले. ऑक्सिजनभोवती आठ, प्रत्येक हायड्रोजनभोवती दोन. मिथेनमध्येही बेरीज ८ येते : कार्बनचे ४ आणि चार हायड्रोजनांचे ४. चार बंधांत आठही संपतात. अमोनियातही ८ : नायट्रोजनचे ५ व तीन हायड्रोजनांचे ३. तीन बंधांत ६ जातात आणि एक जोडी नायट्रोजनवर एकाकी उरते.

विद्यार्थी चुकतो तो येथेच. अमोनियाची आकृती काढताना तीन बंध काढून तो थांबतो आणि ती एकाकी जोडी विसरतो. आकृती दिसावयास ठीक दिसते. पण ठिपके मोजले तर सहाच भरतात, भांडवल मात्र आठाचे होते. ही जोडी किरकोळ नाही. अमोनियाचा बांधीतील सारा व्यवहार तिच्यावर चालतो. पाण्यातील हायड्रोजन आयनास ती जोडी देऊन अमोनियाचा अमोनियम आयन बनतो. तो धनप्रभारित असल्याने चिकणमातीच्या ऋणप्रभारित कणांना धरून राहतो आणि धानाच्या मुळांना उपयोगी पडतो. साचलेल्या पाण्यात शेवाळ वाढून दिवसा पाण्याची अल्कता वाढली, की अमोनियम पुन्हा हायड्रोजन आयन गमावतो, अमोनिया होतो आणि हवेत निघून जातो. शेतकऱ्याने पैसे मोजून आणलेले खत असे उडून जाते. युरिया साचलेल्या पाण्यावर फेकू नये, चिखलात मिसळावा, या कृषी खात्याच्या सल्ल्यामागे हीच एक जोडी आहे.

मिथेनची गोष्ट याउलट. त्याच्या कार्बनवर एकही एकाकी जोडी नाही. त्यामुळे पाण्याशी त्याचे नाते जुळत नाही. २५ अंश सेल्सिअस तापमानास एक लिटर पाण्यात जेमतेम २२ मिलिग्रॅम मिथेन विरघळतो. अमोनिया मात्र शेकडो ग्रॅम विरघळतो. मिथेन बुडबुड्यांच्या रूपाने वर येतो, त्याहून अधिक तो धानाच्या खोडातील पोकळ वाटेने बाहेर पडतो. पाण्याखालच्या प्राणवायूविरहित चिखलात सूक्ष्मजीव तो निर्माण करीत असतात.

आता कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. कार्बनचे ४ व दोन ऑक्सिजनांचे १२, एकूण १६. सांगाडा : ऑक्सिजन – कार्बन – ऑक्सिजन. दोन बंधांत ४ गेले, १२ उरले. दोन्ही ऑक्सिजनांना सहा-सहा दिले, भांडवल संपले. पण कार्बनभोवती चारच इलेक्ट्रॉन आहेत. म्हणून प्रत्येक ऑक्सिजनची एक एकाकी जोडी बंधात घालावी : ऑक्सिजन = कार्बन = ऑक्सिजन. प्रत्येक ऑक्सिजनवर दोन एकाकी जोड्या राहिल्या, कार्बनवर एकही नाही, आणि तिघांचीही अष्टके पूर्ण झाली.

येथे घडणारी चूक अधिक फसवी असते. काही विद्यार्थी दोन्ही बंध एकेरी ठेवतात आणि कार्बनची उणीव भागविण्यासाठी त्याच्यावर दोन एकाकी जोड्या मांडून टाकतात. आकृतीत तिन्ही अणूंभोवती आठ-आठ ठिपके दिसतात आणि अष्टकाचा नियम पाळला गेल्याचे समाधान मिळते. पण सर्व ठिपके मोजून पाहावेत : बंधांत ४, कार्बनवर ४, ऑक्सिजनांवर १२, एकूण २०. भांडवल १६ चे असताना खर्च २० चा झाला! हे चार ठिपके कोठून आले याचे उत्तर नाही. म्हणून पहिली तपासणी नेहमी बेरजेची, अष्टकांची त्यानंतरची.

तिसरी तपासणी औपचारिक प्रभाराची. तिचे नाव जड आहे, हिशेब सोपा आहे. अणूचे स्वतःचे संयुजा इलेक्ट्रॉन घ्यावेत, त्यांतून त्याच्यावरील एकाकी इलेक्ट्रॉन वजा करावेत व त्यांतून त्याने केलेल्या बंधांची संख्या वजा करावी. दुहेरी बंध दोन मोजावा, तिहेरी तीन. अष्टक मोजताना बंधातील जोडी दोन्ही अणूंच्या खात्यात पूर्ण धरली जाते. येथे मात्र ती निम्मी-निम्मी वाटली जाते. विद्यार्थी या दोन मोजण्यांची गल्लत करतात. दोन बांध्यांमधला धुरा डोळ्यांपुढे आणावा. पाणी अडविण्यासाठी तो दोघाही शेतकऱ्यांना पुरा उपयोगी पडतो. परंतु जमिनीची मोजणी झाली की त्याचा अर्धा-अर्धा भागच प्रत्येकाच्या नावे लागतो. अष्टक म्हणजे धुऱ्याचा उपयोग, औपचारिक प्रभार म्हणजे धुऱ्याची मोजणी.

सर्व अणूंच्या औपचारिक प्रभारांची बेरीज रेणूमध्ये शून्य आणि आयनामध्ये त्याच्या प्रभाराइतकी आलीच पाहिजे. अमोनियम आयनात नायट्रोजनचे ५, एकाकी शून्य, बंध ४. म्हणून अधिक १. हायड्रोजन सर्व शून्य. बेरीज अधिक १, आणि आयनावरील प्रभारही तेवढाच. शिवाय एकाच रेणूच्या दोन-तीन संरचना संभवत असतील तर ज्यात हे प्रभार कमीत कमी आहेत आणि ऋण प्रभार इलेक्ट्रॉनांची ओढ अधिक असणाऱ्या अणूवर आहे, ती सरस समजावी.

या तपासणीचा खरा उपयोग नायट्रस ऑक्साइडमध्ये दिसून येतो. दोन नायट्रोजनांचे १० व ऑक्सिजनचे ६, एकूण १६, कर्बवायूइतकेच. सूत्र पाहून ऑक्सिजन मध्ये व दोन नायट्रोजन दोन बाजूंना मांडण्याचा मोह होतो. तसे मांडून दोन्ही बंध दुहेरी केले तर अष्टके भरतात, बेरीजही १६ येते. पण ऑक्सिजनचा औपचारिक प्रभार ६ उणे ० उणे ४, म्हणजे अधिक २ निघतो आणि दोन्ही नायट्रोजनांवर उणे १. इलेक्ट्रॉनांचा सर्वांत लोभी अणू दोन इलेक्ट्रॉनांनी कंगाल झालेला, हे पटण्यासारखे नाही. नायट्रोजन मध्ये घेतला की चित्र पालटते. नायट्रोजन ≡ नायट्रोजन – ऑक्सिजन या मांडणीत कडेच्या नायट्रोजनवर शून्य, मधल्यावर अधिक १, ऑक्सिजनवर उणे १. नायट्रोजन = नायट्रोजन = ऑक्सिजन अशीही मांडणी होते; तीत कडेच्या नायट्रोजनवर उणे १, मधल्यावर अधिक १, ऑक्सिजनवर शून्य. पहिली सरस, परंतु दुसरीही टाकाऊ नाही. प्रत्यक्ष रेणू या दोहोंच्या मधला असतो. यास संस्पंदन म्हणतात. रेणू एका रूपातून दुसऱ्या रूपात उड्या मारतो असा त्याचा अर्थ नव्हे. एका चित्रात तो मावत नाही, एवढाच अर्थ.

या वायूचा बांधीशी जवळचा संबंध आहे. मिथेन कमी व्हावा म्हणून धानाच्या बांधीतील पाणी अधूनमधून काढून जमीन हवेशीर करण्याची पद्धत सुचविली जाते. पाण्याचीही तीत बचत होते. परंतु जमीन कधी ओली, कधी कोरडी राहिली की नत्रखताचा काही अंश नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जाऊ शकतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन हा कर्बवायूच्या सुमारे २७ ते ३० पट तापमानवाढ घडवितो, नायट्रस ऑक्साइड सुमारे २७३ पट. म्हणून पाणी आणि खत यांचा विचार एकत्रच करावा लागतो. इटियाडोहच्या कालव्यावर किंवा माजी मालगुजारी तलावांच्या पाण्यावर धान घेणाऱ्या शेतकऱ्यापुढे हा प्रश्न पुढील काळात अधिकाधिक येणार आहे.

हवेतील नायट्रोजन मुबलक असूनही पिकास तो का मिळत नाही, याचेही उत्तर ठिपक्यांत आहे. दोन नायट्रोजनांचे १० इलेक्ट्रॉन. एकेरी बंधाने भागत नाही, दुहेरीनेही नाही. तिहेरी बंध केला व प्रत्येकावर एक एकाकी जोडी ठेवली तेव्हा अष्टके पूर्ण होतात. हा तिहेरी बंध तोडण्यास एका मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. तुर्भे व थळ येथील खत कारखान्यांत तो लोखंडी उत्प्रेरक, मोठा दाब आणि चारशे अंशांवरील तापमान यांच्या साहाय्याने मोडून अमोनिया बनविला जातो. गोंदियातील शेतकरी धानाच्या ओलीवर लाखोळी पेरतो, तेव्हा तिच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजीव तेच काम शेतातल्या तापमानात, कोणताही धूर न काढता करीत असतात.

नायट्रोजनचे हे चित्र ध्यानात ठेवून कार्बन मोनॉक्साइडकडे वळावे. कार्बनचे ४ व ऑक्सिजनचे ६, पुन्हा १०. येथे तपासण्या आपापसांत भांडतात. दुहेरी बंध, ऑक्सिजनवर दोन एकाकी जोड्या व कार्बनवर एक, अशी मांडणी केली तर बेरीज १० येते, दोघांचेही औपचारिक प्रभार शून्य येतात. मात्र कार्बनभोवती सहाच इलेक्ट्रॉन राहतात. तिहेरी बंध करून प्रत्येकावर एक जोडी ठेवली तर अष्टके पूर्ण होतात, पण कार्बनवर उणे १ व ऑक्सिजनवर अधिक १ असे विपरीत प्रभार येतात. अशा वेळी अष्टकास प्राधान्य द्यावे. मोजमापांचीही त्यास साक्ष आहे : कार्बन मोनॉक्साइडमधील बंधाची लांबी सुमारे ११३ पिकोमीटर, म्हणजे कर्बवायूतील दुहेरी बंधाच्या ११६ पिकोमीटरपेक्षाही कमी. इतकेच नव्हे, तर या रेणूचे कार्बनकडील टोक किंचित ऋण असल्याचे प्रयोगांनी दिसून आले आहे. प्रभाराचे चिन्ह आकृतीप्रमाणे, प्रमाण मात्र अगदी अल्प.

नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांची चित्रे एकसारखी, ठिपके सारखेच, दोघांनाही वास नाही, रंग नाही. एक आपण आयुष्यभर श्वासातून आत घेतो. दुसरा, बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा धानाच्या तुसांची आगटी धुमसत ठेवून झोपलेल्या माणसाचा प्राण घेतो. कार्बनवरील त्या एकाकी जोडीने तो रक्तातील हिमोग्लोबिनच्या लोहास धरतो आणि त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक असते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत खोलीत शेगडी ठेवावयाची असल्यास खिडकी उघडी असलीच पाहिजे. चित्र सारखे असले तरी गुण सारखे असतीलच असे नाही, हेही यावरून लक्षात यावे.

ठिपक्यांच्या मर्यादा आणखीही आहेत. ऑक्सिजनच्या रेणूत १२ इलेक्ट्रॉन. दुहेरी बंध व प्रत्येकावर दोन एकाकी जोड्या अशी निर्दोष संरचना निघते. तिन्ही तपासण्यांत ती उतरते. तरीही द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, याचा अर्थ त्यात जोडीविना राहिलेले इलेक्ट्रॉन आहेत आणि ते आपल्या चित्रात कोठेच दिसत नाहीत. नायट्रिक ऑक्साइडमध्ये तर एकूण इलेक्ट्रॉनच ११. विषम संख्येतून सर्वांची अष्टके होणे शक्य नाही. रेणूचा आकारही हे चित्र थेट सांगत नाही. पाण्यातील कोन १०४.५ अंशांचा, हे कागदावरील सरळ मांडणीवरून कळत नाही; एकाकी जोड्या बंधांना रेटतात हे वेगळे समजून घ्यावे लागते.

सरावासाठी शेवटी युरिया घ्यावा. नाव मोठे वाटते, पण रीत तीच. एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन : ४ अधिक ६ अधिक १० अधिक ४, म्हणजे २४. कार्बन मध्ये, त्यास ऑक्सिजन व दोन नायट्रोजन जोडलेले, प्रत्येक नायट्रोजनला दोन हायड्रोजन. असे सात बंध, १४ इलेक्ट्रॉन खर्च, १० शिल्लक. ऑक्सिजनला ६ व प्रत्येक नायट्रोजनला २ दिले की शिल्लक संपते. कार्बनभोवती मात्र सहाच आहेत, म्हणून ऑक्सिजनची एक जोडी बंधात घालून कार्बन = ऑक्सिजन असा दुहेरी बंध करावा. बेरीज २४, अष्टके पूर्ण, प्रत्येक अणूचा औपचारिक प्रभार शून्य. या रेणूचे वस्तुमान ६० आणि त्यात दोन नायट्रोजनांचे २८. शेकडा प्रमाण सुमारे ४६.६ येते. युरियाच्या पोत्यावर नत्राचे प्रमाण ४६ टक्के छापलेले असते ते येथूनच आले. ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २० किलो ७०० ग्रॅम नत्र असते. त्यातले बांधीत किती राहिले व हवेत किती गेले, हे त्यानंतर ठरते.